ओठांवरचे डाग

शनिवार-रविवार बीटामेथासोनच्या गोळ्या, रात्री टॅक्रोलिमसचं मलम. कोडात प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते. ती शांत झाल्याशिवाय ओठांवर शस्त्रक्रिया नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. किमान वर्षभर नवा डाग उमटायला नको, जुना पसरायला नको. आजार जागा असताना त्वचेला जखम केली, तर तिथंच नवा डाग उठू शकतो.

पद्धत त्यांनी नीट समजावली. मांडीवर सक्शननं फोड आणायचे, त्यांचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर अलगद सोडवायचा आणि ओठाचा डाग खरवडून तिथं बसवायचा. तो रुजला की रंग हळूहळू पसरतो.

एका जागेची कातडी दुसरीकडे बसवण्याचं हे काम पुण्याला नवं नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्यानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. 1794 साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं. कावसजीला कुणी विचारलं असेल का, ‘कशाला हवंय नाक?’

मला विचारतात. ‘आहे तसं स्वीकार’ म्हणणाऱ्यांचं प्रेम कळतं मला. डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’नं याच शहरात कोडाची भीती घालवायला केवढं काम केलंय! कोडावरचा ‘नितळ’ हा चित्रपट पाहून मी रडले होते. तरीही मला माझे ओठ पूर्वीच्या रंगात हवे आहेत. यात लाज नाही, हौस आहे, आणि ती माझी आहे.

पुढच्या भेटीत डॉक्टर जुने-नवे फोटो शेजारी लावून कडा तपासतील. सरकल्या नसतील, तर तारीख मागणार आहे.