पेटीतली पुस्तकं : बडोद्याच्या रोजनिशीतील पाने

२१ डिसेंबर २०२५, रविवार

पुण्याहून प्रकाशकांनी पाठवलेला गठ्ठा काल पोहोचला. मे महिन्यापासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू झाली आहे, तिचा मोठा आधार वाटतो. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, कर वेगळा. हीच पुस्तकं मी राहते त्या न्यू जर्सीतल्या एडिसनला मागवायची तर भाडंच किमतीच्या वर जातं. तिथल्या मराठी वाचकाला माझं पुस्तक महाग पडतं ते या भाड्यापायी.

दांडिया बाजारातल्या या घरी आत्यानं स्वतः सुतळी कापली. एक प्रत उलटीपालटी करून पाहिली, बांधणी वाकवून बघितली, शाईचा वास घेतला. मग म्हणाली, "एवढी कोणाकोणाला वाटणारेस?"

"वाटणार नाही गं, विकणार."

"मग पहिले पैसे माझे घे," म्हणत ती पाकीट आणायला उठलीसुद्धा. मी घेतले. घरच्या माणसानं पुस्तक विकत घेतलं की पुस्तकाचा मान राहतो.

२२ डिसेंबर, सोमवार

रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. गुजराती पुस्तकांच्या भिंतीशेजारी मराठीची दोन फळ्यांची जागा. मालकांनी पुस्तक उघडलं ते थेट किंमत आणि आवृत्तीचं पान बघायला. "ठेवतो की, ताई. पण गिऱ्हाईक नाव घेऊन यायला हवं. नुसतं फळीवर बघून मराठी पुस्तक उचलणारी माणसं आता थोडी."

व्यवहार सगळीकडे असतो तसाच : ठरलेलं कमिशन, विक्रीनंतर हिशेब, मुदत संपली की उरलेल्या प्रती परत. यातली प्रत्येक पायरी कोणीतरी दुकानात समक्ष जाण्यावर उभी आहे. विचारायला येणारं माणूस नसलं की हिशेब लांबतो आणि प्रती मागच्या रांगेत सरकतात. गावात राहणारा लेखक येता-जाता डोकावतो, परदेशातल्याला ते जमत नाही. म्हणून दूर राहणाऱ्यानं प्रत्येक गावात आपलं एक माणूस जोडायला हवं आणि त्याला रीतसर अधिकारपत्र द्यायला हवं. पावतीपुस्तक आज आत्याच्या हाती दिलं. बँकेत आयुष्य गेलेलं आहे तिचं, हिशेब चोख राहील.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळ मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेली. लोखंडी कपाटांचे मजले आणि त्यांना काचेची जमीन. प्रकाश खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून केलेली. खालून वर पाहिलं की चालणाऱ्याच्या चपलांची सावली डोक्यावरून सरकते. लहानपणी वडिलांबरोबर यायचे तेव्हा मी पुस्तकांपेक्षा ती सावलीच बघत बसायचे.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. गावात वाचनालय काढायचं तर एक हिस्सा गावकऱ्यांचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा, अशी व्यवस्था. गावानं आपला वाटा जमवल्याशिवाय बाकीचे दोन मिळत नसत. त्यामुळे वाचनालय गावाचं स्वतःचं होई. ज्या गावात तेवढंही बळ नव्हतं तिथे खात्याच्या फिरत्या पेट्या जात. मजबूत लाकडी पेटी, कुलूप-किल्ली, आत पंधरा ते तीस पुस्तकं. वाहतुकीचा खर्च खात्याचा. गावातला शाळामास्तर किंवा कोणी जबाबदार माणूस ती ताब्यात घेई, पुस्तकं वाचायला देई, मुदतीनंतर पेटी परत पाठवी आणि दुसरी मागवी.

या पेटीबरोबर लेखक जात नसे. त्याची गरजच नव्हती, कारण पेटी उघडणाऱ्या माणसाचं नाव आधी ठरलेलं असे. परदेशातून लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. पुस्तकाची जाहिरात हजारो मैलांवरून करता येते. पुस्तक वाचकाच्या हातात पडतं ते मात्र त्याच्या ओळखीच्या माणसाकडून.

२५ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी कमाटी बागेच्या बाजूला, संकल्पभूमीवर. नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ च्या सप्टेंबरात या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ते इथल्या झाडाखाली बसले होते. आज मनुस्मृती दहनाचा दिवस, त्यामुळे गर्दी होती. पुस्तकांच्या फडावर माणसं खाली बसून पानं चाळत होती. मुलं आईबापांना नावं वाचून दाखवत होती. तिथल्यासारखी खरेदी मी अलीकडे कुठे पाहिलेली नाही.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी १९२३ मध्ये काढला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा दुसरा १९२५ मध्ये तिथूनच निघाला, आणि तो त्यांनी शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांना अर्पण केला. पुस्तकं लंडनची, लेखक मुंबईत. १९२५ च्या डिसेंबरात चलनविषयक शाही आयोगापुढे ते साक्षीला गेले, तेव्हा त्यांच्या म्हणण्यामागे छापलेला ग्रंथ उभा होता. रुपयाचा ग्रंथ मुंबईच्या ठाकर कंपनीनं नव्या नावानं काढायला मात्र १९४७ साल उजाडलं.

पंडिता रमाबाईंनी दोन्ही किनारे सांभाळले. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात इंग्रजी पुस्तक काढलं, अमेरिकाभर व्याख्यानं देत त्याच्या प्रती खपवल्या आणि मुंबईतल्या शारदा सदनासाठी पैसा उभा केला. परतल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं पुस्तक मराठीत, मुंबईत प्रसिद्ध केलं. तिकडच्यांना इथलं सांगितलं, इथल्यांना तिकडचं. कोणतं पुस्तक कोणासाठी आणि ते कुठे छापायचं, याचा एवढा स्वच्छ विचार आजही क्वचित दिसतो.

२८ डिसेंबर, रविवार

आज आत्याच्या मैत्रिणीच्या दिवाणखान्यात वाचन झालं. हार-तुरे नाहीत, अध्यक्ष नाहीत, सेव-उसळ आणि चहा. बसलेल्यांपैकी कित्येकांनी २०१८ चं साहित्य संमेलन इथेच अनुभवलेलं. त्याआधी १९०९, १९२१ आणि १९३४ मध्येही ते बडोद्यात भरलं होतं. १९२१ ला अध्यक्ष न. चिं. केळकर होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कशी जपायची, हे या गावाला कोणी शिकवायला नको.

कथा वाचून झाल्यावर कॉलेजातला एक मुलगा थांबला. "मावशी, ऐकून सगळं कळलं, आवडलंही. पण माझं शिक्षण गुजरातीत झालंय. मला मराठी भरभर वाचता येत नाही. यातलं काही ऐकायला मिळेल का?"

एडिसनच्या मराठी शाळेतली मुलं मला अगदी हेच विचारतात. बोलणं घरातून येतं, वाचन शाळेतून, आणि शाळा दुसऱ्या भाषेची. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं तेव्हा अंतराचा प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. ज्यांना वाचता येतं त्यांच्यापुरता तो सुटलाही. या मुलासाठी आवाज हवा. उद्यापासून रोज एक कथा आत्याच्या खोलीत, पंखा बंद करून, माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची.

३० डिसेंबर, मंगळवार

प्रकाशकांशी फोनवर सविस्तर बोलणं झालं. साताऱ्याचं ९९ वं संमेलन परवापासून, म्हणून त्यांची गाळ्याची बांधाबांध चालली होती. तरी वेळ दिला.

न्यू जर्सीतला एक होतकरू कवी विचारतो, तिकडेच छापलं तर काय बिघडलं? त्याला आज लांब पत्र लिहिलं. भारतात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ग्रंथालयं यांना स्वखर्चानं द्यायच्या असतात. म्हणजे शंभर वर्षांनी कोणी शोधलं तरी पुस्तक सापडण्याची सोय आहे. परीक्षणासाठी दोन प्रती वृत्तपत्राच्या टेबलावर वेळेवर पडतात. दुकानदार ओळखीच्या वितरकाकडूनच माल उचलतो. तिकडे छापलेल्या मराठी पुस्तकाला यातलं काही आपोआप लाभत नाही.

मात्र करार डोळसपणे करावा. ई-बुक, ध्वनिपुस्तक आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. परदेशी रहिवाशाच्या रॉयल्टीवर इथे कर आधीच कापला जातो. दोन देशांतल्या करारानुसार सवलत हवी असेल तर तिकडच्या करखात्याचा रहिवासाचा दाखला प्रकाशकांना आधीच द्यावा. रक्कम लहान असते खरी, पण कागद चोख असले की प्रकाशक आणि लेखक यांच्यात मनं स्वच्छ राहतात.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

प्रकाशकांपुढे ठेवलेला प्रस्ताव त्यांनी मान्य केला. यापुढे प्रत्येक आवृत्तीतल्या काही प्रती पेटीसाठी राखायच्या. खर्चाचे तीन हिस्से : प्रकाशकांनी प्रती छपाईखर्चात द्यायच्या, वाहतूक लेखकानं सोसायची, आणि ज्या मंडळाला पेटी हवी त्यानं पुस्तकांचे पैसे आधी जमवायचे, शिवाय पेटी सांभाळणाऱ्याचं नाव कळवायचं. नाव नाही तर पेटी नाही.

पहिली पेटी माझ्याबरोबर विमानानं येईल. तीत माझं एक पुस्तक आणि बाकी सगळी इतरांची : बडोद्यातच जन्मलेले माधव जूलियन आणि दिलीप चित्रे, इथल्या आजच्या लेखकांचे दोन कथासंग्रह, मुलांसाठी मोठ्या अक्षरातली गोष्टींची पुस्तकं. एकट्याच्या पुस्तकासाठी कोणी कपाट उघडत नाही, पंधरा चांगली पुस्तकं एकत्र आली की उघडतं. आपल्या पुस्तकाला वाचक हवा असेल तर शेजारच्या पुस्तकालाही तो मिळवून द्यावा लागतो, हे या मुक्कामात पक्कं झालं.

एडिसनच्या पेटीसाठी शाळेतल्या एका शिक्षिकेनं नाव दिलंय. उलट दिशेची पेटी, म्हणजे उत्तर अमेरिकेत राहून लिहिणाऱ्यांची मराठी पुस्तकं, जूनमध्ये बडोद्याला यायची आहे. तिच्यासाठी आत्यानं आपलं नाव आजच लिहून दिलं, आणि वर्गणीचा पहिला हप्ताही.