चुकीच्या भाषणाचे बक्षीस

आमच्या बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटात एक लहानसा चषक आहे. 1976 साली, नववीत असताना, वक्तृत्व स्पर्धेत तो मला मिळाला. पाहुणे तो पाहतात, कौतुक करतात. पण त्या भाषणात मी काय बोललो होतो, हे इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीने विचारले आणि माझी पंचाईत झाली.

नात आपल्याच शाळेत आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय निवडला होता, 'परग्रहवासीयांनी मागे ठेवलेल्या धातूच्या वस्तू'. मोबाईलवर पाहून तिने तीन वस्तूंची माहिती वहीत उतरवली होती. तिसरी वस्तू होती दिल्लीचा लोहस्तंभ. मला कबूल करावेच लागले की माझे भाषणही त्यावरच होते. एरिक फॉन डॅनिकेन यांच्या 1968 सालच्या पुस्तकाचा त्या काळी फार बोलबाला होता. त्याच्या आधारे मी हात उंचावून म्हणालो होतो, "न गंजणारा हा स्तंभ पृथ्वीवरच्या माणसाचे काम असूच शकत नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

"मग ते खरं होतं का, आजोबा?"

"नव्हतं," मी म्हणालो. "चल, तुझी वही एकदा नीट तपासू."

पहिली वस्तू अमेरिकेतील. 1961 साली कॅलिफोर्नियात तिघांना एक कठीण गोळा सापडला. तो कापल्यावर आत पांढऱ्या चिनी मातीची नळी आणि तिच्या मधोमध धातूची दांडी निघाली. गोळा पाच लाख वर्षांचा असल्याचा बोभाटा झाला. पुढे जुन्या स्पार्क प्लगांचा संग्रह करणाऱ्या जाणकारांनी त्याची क्ष-किरण छायाचित्रे पाहिली आणि 1920 च्या दशकातील स्पार्क प्लग म्हणून ती वस्तू ओळखली. लोखंड गंजताना भोवतीची माती आणि खडे त्याला घट्ट चिकटले होते, इतकेच.

"म्हणजे तुमच्या स्कूटरमध्ये असतो तसला?"

"तसलाच."

दुसरी वस्तू रुमानियातील आयुद गावाजवळची. 1974 साली नदीकाठी अॅल्युमिनियमचा एक पाचरीसारखा तुकडा प्राचीन प्राण्यांच्या हाडांबरोबर मिळाला, असे सांगतात. अॅल्युमिनियम धातू माणसाने प्रथम वेगळा केला 1825 साली, म्हणून हा तुकडा परग्रहावरचा! पण हाडे जुनी म्हणून शेजारचा तुकडाही जुना, हे कसे ठरले? नदीकाठच्या वाळूत कालपरवाची वस्तूही जाऊन रुतते. त्याचा आकार माती उपसणाऱ्या यंत्राच्या दातासारखा आहे, याकडे जाणकारांनी लक्ष वेधले आहे.

या दोन वस्तूंना प्राचीन म्हणायला आधारच नाही. लोहस्तंभाची गोष्ट मात्र वेगळी, कारण तो खरोखर प्राचीन आहे. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून अधिक वजनाचा आणि सोळाशे वर्षे जुना. त्यावरील संस्कृत लेखातील 'चंद्र' म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो मुळात आपल्या मध्य प्रदेशात, विदिशेजवळच्या उदयगिरीला उभा असावा, असेही त्यांचे मत आहे. तो का टिकला, याचा उलगडा आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. कोळशावर गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस बराच राहिला होता. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार झाला आणि तोच पुढच्या गंजापासून रक्षण करतो.

खुद्द डॅनिकेन यांनी 1974 साली एका मुलाखतीत या स्तंभाचा दावा सोडून दिला होता. म्हणजे मूळ लेखकाने टाकून दिलेले मी दोन वर्षांनी छातीठोकपणे सांगत होतो! भाषणात आणखी एक चूक होती. "आमचा स्तंभ कधीच गंजत नाही," असे मी अभिमानाने म्हणालो होतो. पण जमिनीत पुरलेला त्याचा भाग गंजलेला आढळला आहे. परग्रहवासीयांचा दावा तपासायचा, तसा आपला अभिमानही तपासायला हवा.

सुट्टी संपण्यापूर्वी मी नातीला धारला नेले. इंदूरहून धार जवळच, पण लाट मशिदीतील लोहस्तंभ पाहायला मुद्दाम कोण जातो? परंपरेने तो राजा भोजाचा मानतात. आज त्याचे तीन तुकडे आहेत. तिन्ही जोडले तर लांबी सुमारे तेरा मीटर, म्हणजे दिल्लीच्या स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट! लोखंडाचे लहान लहान गोळे तापवून, ठोकून, एकजीव करत तो घडवला आहे. नात बराच वेळ त्या खडबडीत अंगाकडे आणि त्यावरच्या भोकांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "राजाचं नाव सगळे सांगतात. ठोकणाऱ्यांची नावं कुठे आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

परतताना रस्त्याकडेला गाडिया लोहारांचे पाल दिसले. नवरा चिमट्यात लाल लोखंड धरून बसला होता आणि बायको उभी राहून घण घालत होती. आम्ही गाडी थांबवून एक विळा घेतला. तो तयार होईपर्यंत नात हलली नाही. ऐरणीवरचे लोखंड काळे पडले की पुन्हा भट्टीत, लाल झाले की पुन्हा घण. एका विळ्याला एवढे कष्ट, तर कित्येक टनांच्या स्तंभाला किती हात लागले असतील! त्या हातांचे श्रेय मी टाळ्यांसाठी परग्रहावर पाठवून दिले होते, याची तेव्हा खरी लाज वाटली.

नातीने प्रदर्शनातील विषयाचे नाव बदलले, 'हे कोणी घडवले?' तक्त्याशेजारी तिने तो विळा ठेवला होता.

बाल मित्रांनो, विचित्र वस्तूची गोष्ट ऐकली की जरूर नवल करा. पण ती कोठे सापडली, कोणी तपासली आणि ती माणसाने केली नसेल असे म्हणायला आधार काय, हे विचारल्याशिवाय पुढे सांगू नका. पालकांनीही मुलांच्या अशा प्रश्नांना कंटाळू नये, ही विनंती.

चषक अजून कपाटातच आहे. आता कोणी कौतुक केले, की ते भाषण चुकीचे होते, हे मी आपणहून सांगतो.