बुखाऱ्याच्या गाडीतून

बाई गं,

समरकंदहून बुखाऱ्याला निघालोय आणि मांडीवर वही ठेवून तुला लिहितेय, तेव्हा अक्षर गोड मानून घे. नेहमीचंही असंच असतं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

तुला सांगते, उझबेकिस्तानात पाऊल ठेवलं आणि आमचे नवरोबा लखपती झाले. शंभर डॉलर मोडले तर हातात बारा लाखांच्या आसपास सोम! पाकीट मिटेना. एरवी रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस, इथे पाण्याच्या बाटलीलाही छाती फुगवून 'थांबा, मी देतो' म्हणतो.

ताश्कंदमध्ये बाबांना एकच गोष्ट बघायची होती, शास्त्रीजींचा पुतळा. 10 जानेवारी 1966 ला करारावर सही झाली आणि त्याच रात्री ते गेले. बाबा तेव्हा सातवीत होते. पुतळ्यापुढे त्यांनी बूट काढले नि हात जोडून उभे राहिले. आम्ही मागे गप्प. चिंटूनेसुद्धा भूक लागल्याचं पाच मिनिटं लांबणीवर टाकलं, यावरून ओळख.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी, समरकंदच्या गाडीत. अफ्रोसियोब नाव तिचं, झोकात पळते. दोन तासांचा प्रवास. चिंटू डब्यातल्या पडद्यावरचा वेग मोठ्याने वाचत होता, बाहेर कापसाची शेतं मागे पडत होती आणि बाबा आपणहून बोलायला लागले. पासष्ट साली धान्याची टंचाई होती, शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडा म्हटलं, तेव्हापासून त्यांच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. अगं, बाबांचा सोमवार! आम्ही सगळे तो शंकराचा समजून इतकी वर्षं साबुदाणा भिजवतोय! मी आईंकडे बघितलं, तर त्या थंडपणे म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही कुणी विचारलंच नाहीत."

घरी विचारायला वेळ कुठे असतो गं? जो तो आपल्या खोलीत, आपल्या फोनात. गाडीत समोरासमोर बसलं की माणसं बोलतात. शहरं बघून होतात, पण घरचे मला भेटतायत ते दोन शहरांच्या मधेच.

समरकंदचा रेगिस्तान चौक बघून मान दुखली. शेरदोर मदरशाच्या कमानीवर पट्टेरी वाघ हरणामागे धावतोय आणि त्याच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली एवढी पळापळ, पण हा बघ कसा निवांत! अगदी यांच्यासारखा."

आत्ता समोर सोनेरी दातांच्या एक आजी बसल्यात. 'हिंदुस्तान? राज कपूर!' म्हणाल्या, आणि घरी आरतीलाही ओठ न हलवणारे बाबा त्यांच्याबरोबर चक्क गुणगुणताहेत. आईंचा चेहरा बघायला तू हवी होतीस. महाबळेश्वरच्या सहलीत आपल्या बाईंचा झाला होता ना, तस्साच.

त्या आजींनी आम्हाला समरकंदची नान मोडून दिली. जाडजूड, चकचकीत, मधोमध नक्षीचा ठसा. ती बरेच दिवस टिकते म्हणे, म्हणून तुझ्यासाठी एक घेतलीय. हाताने मोडायची, सुरी लावायची नाही आणि पालथी ठेवायची नाही. तुझ्या स्वयंपाकघरातले तुझे प्रताप ठाऊक आहेत, म्हणून आधीच बजावते.

नवरोबा बॅगा मोजायला लागले, म्हणजे स्टेशन आलं. पुरे आता.

तुझीच,
मी