आज किती पाणी काढणार?

डायलिसिसच्या खोलीत मी कुणालाही ‘कसं वाटतंय?’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘बरंय.’ मोहोळकडून पहिली एसटी पकडून आलेला, पाय सुजलेला, जिना चढताना दोनदा थांबलेला माणूसही ‘बरंय’च म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. म्हणून मी वजनकाट्यावरचा आकडा बघते आणि विचारते, “काल आमटी झाली वाटतं?” यावर मात्र माणूस बोलतो. आमटी नव्हती, मठ्ठा होता. लग्नातला. कुणाचं लग्न, कुठं, जेवायला काय होतं, मुलीकडच्यांनी काय दिलं, हे सांगता सांगता तो बेडपर्यंत पोचलेला असतो आणि मी मशीन लावायला घेतलेलं असतं.

मी सोलापुरात डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही हे सांगणं केव्हाच सोडलं.

आमच्याकडे येणारा माणूस बरा होऊन जात नाही, हे या कामाचं वेगळेपण. ताप, बाळंतपण, मोडलेला पाय या सगळ्याला शेवट असतो, डिस्चार्ज कार्ड असतं. आमचा पेशंट आठवड्यातून तीनदा येतो, ज्याला जमत नाही तो दोनदा. प्रत्येक वेळी चार तास. किडनी मिळाली तर सुटतो, नाहीतर वर्षानुवर्षं येत राहतो. त्यामुळे त्याच्या नातवंडांची नावं, जावयाचा स्वभाव, घरकुलाचा अडकलेला हप्ता, सगळं आम्हाला ठाऊक. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे डायलिसिसचे पैसे पडत नाहीत अशांची संख्या मोठी आहे, पण एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार?

सुरुवातीला मला वाटायचं, या लोकांना हसवलं पाहिजे. मी जोक सांगायचे, मोबाइलवर जुनी गाणी लावायचे. सकाळी सात वाजता, बीपी दोनशेला टेकलेल्या माणसाला विनोद नको असतो. आमच्या सिनियर सिस्टरनी मला कधी शिकवणी दिली नाही, पण त्यांचं काम बघून कळत गेलं. पेशंट दारात येण्याआधी त्यांच्या मशीन धुऊन, ट्यूबा भरून तयार असायच्या. माझा पेशंट अर्धा तास ताटकळायचा, त्यांचा आल्या आल्या लागायचा, म्हणजे सुटायचाही अर्धा तास आधी. त्या अर्ध्या तासात त्याला परतीची गाडी मिळायची. माझ्या गाण्यांपेक्षा त्यांच्या बेडवरचे लोक जास्त खुशीत असायचे, यात नवल ते काय.

मग मी सुईकडे वळले. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात, मनगटापाशी किंवा कोपरापाशी, शस्त्रक्रिया करून रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही तीच सगळ्यात भरवशाची. नीला फुगून दोरखंडासारखी होते. तिच्यावर बोटं ठेवली की आत बारीक घरघर लागते. तीच फिस्टुला जिवंत असल्याची खूण. दर वेळी दोन जाड सुया, एक रक्त बाहेर नेणारी, एक परत आणणारी. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर सुया. एवढं टोचून घेणाऱ्याला ‘घाबरू नका’ कशाला म्हणायचं? मी आधी बोटांनी चाचपते, मागच्या वेळची जागा सोडून थोडं वर-खाली जाते, आणि टोचण्याआधी सांगते की आता टोचतेय. न सांगता टोचलेलं जास्त दुखतं. काढताना चिकटपट्टी ओली करून हळू सोडवते, कारण हातावरचे केस उपटले गेले की चार तास गुपचूप पडून राहिलेला माणूसही शिवी देतो. माझाही दिवस कधी वाईट जातो. घरी भांडण झालेलं असतं, रात्री लाइट गेलेली असते. अशा दिवशी मी तोंड कमी चालवते आणि पट्टी नेहमीसारखीच ओली करते. पेशंटला फरक कळत नाही. कळला तरी तो दुखत नाही.

भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचा मात्र मला राग येतो. सगळ्यांचा नव्हे, ‘पॉझिटिव्ह राहा’वाल्यांचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि ज्याला लघवी जवळजवळ होतच नाही त्याला दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पाणी. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच. एक लिटर जास्त प्यायलं की एक किलो वजन वाढतं, आणि ते मशीननं चार तासांत ओढून काढायचं म्हणजे बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. शेंगाचटणी कडक भाकरीवर घ्यायची नाही, कारण मीठ खाल्लं की तहान लागणार. शहाळं तर विषासारखं, त्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. आणि हे भेटायला येतात ते नेमकं शहाळं घेऊन! वर म्हणतात, मन प्रसन्न ठेवा. अशा वेळी मी शहाळं घेऊन स्टाफरूममध्ये ठेवते आणि पेशंटला बर्फाचा एक लहानसा खडा देते. तोंडात घोळवायला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला पाहुणा थांबलेला नसतो.

एक काका यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, कारखान्यात ज्याच्या शब्दावर मालकही गप्प बसतो असा माणूस. किडन्या गेल्या, काम सुटलं. आमच्याकडे महिनोन्‌महिने येत होते पण तोंडातून अवाक्षर नाही. मी आमटीचं विचारलं तर मान हलवायचे. एका सकाळी शेजारच्या बेडवर मशीन लावून मी वळले तर म्हणाले, “ओ सिस्टर, त्याचा आवाज बदललाय.”

मशीनवर सगळे आकडे बरोबर होते, अलार्म नव्हता. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, “फिरतंय त्यात घासालंय काहीतरी.” मी लॉगबुकात लिहिलं आणि कंपनीच्या इंजिनिअरला कळवलं. त्यानं ब्लड पंप उघडला तर रोलर झिजायला लागला होता. काकांना मी तो झिजलेला रोलर आणून दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून फिरवला, अंगठा घासून पाहिला आणि मला अर्धा तास बेअरिंगविषयी सांगितलं. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण त्या दिवसापासून ते आले की आधी सगळ्या मशीनपाशी थांबून कान देतात, मग वजन करतात. अटेंडंटनं त्यांना ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणायला सुरुवात केली. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांनी सांगितलेलं खरं मानून लिहून घेतलं, एवढंच.

बेड रिकामा दिसला की सगळ्यांच्या लक्षात येतं. आमच्यातले काही जण ‘गावाला गेलेत’ म्हणतात. मी नाही म्हणत. पेशंट बरोबर ओळखतात आणि मग तुमच्या हसण्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही. विचारलं तर मी सांगते की रविवारी गेले, घरीच गेले. त्या शिफ्टला मी टीव्ही लावत नाही, कुणी लाव म्हणालं तर लावते. बहुतेक वेळा मालिकेसाठी कुणीतरी म्हणतंच.

म्हणतात त्या बहुधा विड्या वळणाऱ्या मावशी. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत तोंड सारखंच धारदार. एकदा त्यांनी विचारलं, हे मशीन काढलं कुणी? मी सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्सच्या कांपेन गावात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर होता. देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळेना. त्यानं सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी पिंपावर गुंडाळली आणि १९४३ मध्ये पहिलं चालणारं यंत्र केलं. सुरुवातीचे बहुतेक पेशंट दगावले. मग १९४५ च्या सप्टेंबरात सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली, आणि जागी होताच म्हणाली की मी आता नवऱ्याला सोडणार, असं सांगतात.

सगळी खोली हसली. मावशींनी बाहेरच्या बाकाकडे नजर टाकली. तिथं त्यांचे मालक मांडीवर डबा घेऊन पेंगत होते.

“आमचं बसलंय की तिथंच,” त्या म्हणाल्या. “डबा त्याच्याजवळ हाय. आधी जेवते, मग सोडते.”

स्वतःच्याच बोलण्यावर त्या इतक्या हसल्या की सुईचा हात वाकला, मशीन केकाटायला लागलं. मी उठेपर्यंत पलीकडच्या बेडवरून जॉबर काकांचा निर्णय आला, “मशीन ठीक हाय सिस्टर. मावशी, हात सरळ ठेवा.”