अंगण खरेच वाकडे होते

गेल्या वर्षी आमच्या घरात एका म्हणीने बरेच नुकसान केले. ती म्हण आम्हीच उच्चारली होती, म्हणून ही हकीकत लिहिण्याची जबाबदारीही आमचीच.

मेच्या सुट्टीत मुलांचे मामू कुवेतहून आले. येताना त्यांनी आमच्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी प्लेस्टेशन ५ आणले. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. दहावीच्या तोंडावर घरात खेळाचे यंत्र येणार म्हटल्यावर आमच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मामूंचे मन कसे मोडायचे? यंत्र हॉलमधल्या टीव्हीला जोडले गेले.

हा टीव्ही आम्ही २०२० मध्ये घाईत घेतला होता. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या थळमध्ये कौले आणि पत्रे पानांसारखे उडाले. आमच्या हॉलमध्ये पाणी शिरले आणि जुना टीव्ही गेला. वीज आली तेव्हा दादींच्या सोबतीला म्हणून हाती लागला तो ३२ इंचांचा स्वस्तातला टीव्ही आणला. बातम्या, मालिका आणि क्रिकेट यांसाठी त्याच्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

तक्रार मुलाने सुरू केली. फुटबॉलच्या खेळात तो सारखा हरायचा आणि म्हणायचा, "अब्बा, मी बटण वेळेवर दाबतो, पण तो किक उशिरा मारतो." बकरी ईदला चाचांची मुले आली होती. सगळ्यांसमोर सामना झाला आणि हा चार गोलांनी हरला. पुन्हा तेच गाऱ्हाणे ऐकल्यावर आम्ही हसत म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे!" सगळी मुले खो खो हसली. तो काही न बोलता उठला आणि किनाऱ्याकडे निघून गेला.

त्यानंतर तो घरी खेळेनासा झाला. यंत्र पिशवीत घालून एका मित्राकडे जाऊ लागला. मगरिबनंतर अर्धा तास, मग तासभर, मग दीड तास उशीर होऊ लागला. एकदा "शिकवणीला होतो" म्हणाला आणि ते खोटे निघाले. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. आम्ही रागावलो, यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावले. घरात बोलणे बंद झाले.

कोंडी दादींनी फोडली. त्या म्हणाल्या, "वर्गात पोराने सांगितलं की फळा दिसत नाही, तर तुम्ही त्याला खोटारडा म्हणता की डोळे तपासायला पाठवता?"

म्हणून एका रविवारी आम्ही कुलूप काढले आणि मुलाला म्हणालो, "तपासून बघू." फोनमध्ये एका सेकंदाला २४० चित्रे टिपणारे मंदगती चित्रण असते. त्याचा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन ठेवला आणि बटण दाबल्यापासून खेळाडूचा पाय हलेपर्यंतची चित्रे मोजली. दहा वेळा मोजून सरासरी काढली तर ती ४८ च्या आसपास आली. मग मित्राच्या घरी त्यांच्या परवानगीने हेच केले. तिथे आली २४. म्हणजे आमच्या घरी जवळजवळ एक दशांश सेकंद जास्त लागत होता. हा खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, त्या हिशेबाने मुलगा प्रत्येक वेळी सहा चित्रे मागे होता. अंगण खरेच वाकडे होते.

कारण समजून घेतले ते असे. टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाही. तो ते स्वच्छ करतो, रंग उठावदार करतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतः एक चित्र बनवतो. त्यासाठी त्याला पुढचे चित्र येईपर्यंत थांबावे लागते. मालिका बघताना हा उशीर जाणवत नाही, कारण आवाजही तितकाच थांबवलेला असतो. पण ज्याच्या हातात बटण आहे त्याला तो जाणवतो. यावर उपाय म्हणून बऱ्याच टीव्हींत 'गेम मोड' असतो. तो चालू केला की ही सगळी रंगरंगोटी बाजूला राहते. आमच्या टीव्हीत तो नव्हता. तुमच्या घरी अशी तक्रार असेल तर आधी सेटिंगमध्ये गेम मोड शोधा, कदाचित एक पैसाही खर्च करावा लागणार नाही.

आम्हाला मात्र नवा टीव्ही घ्यावा लागणार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तोवर आम्ही थांबलो. मग यंत्र पिशवीत घालून मुलासह अलिबागच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने ५५ इंची, १२० हर्ट्‌झचा टीव्ही पुढे केला. हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. आम्ही मुलाला विचारले, "तुला हा हवा का?" तो थोडा थांबून म्हणाला, "मी खेळतो ते खेळ ६० वरच चालतात. १२० चे थोडेच आहेत." ते ऐकून आम्हाला बरे वाटले. पुढची निवड आम्ही त्याच्यावरच सोपवली.

त्याने जे तपासले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल. खोक्यावर 'एचडीएमआय २.१' लिहिले म्हणून सगळ्या सोयी असतीलच असे नाही. ४के मध्ये १२० चालते का, चित्रांचा वेग कमीजास्त झाला तर पडदा जुळवून घेतो का (व्हीआरआर), आणि खेळ सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो का (एएलएलएम), हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. सगळ्याच जोडण्यांवर त्या सोयी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. २४० सारखा मोठा आकडा दिसला तर तो पडद्याचा स्वतःचा आहे की चित्र गुळगुळीत करण्याच्या सोयीचा, ते विचारावे. ओएलईडीचा काळा रंग फार सुंदर, पण तेच गुणफलक रोज तासन्‌तास एका जागी राहिले तर त्यांचा डाग पडण्याची भीती असते, आणि किंमतही आमच्या आवाक्याबाहेरची. आमच्या घरी दादी बाजूच्या पलंगावरून बघतात, म्हणून कोपऱ्यातून रंग फिके पडत नाहीत ना, हे त्याने स्वतः खाली बसून पाहिले. दादींची आठवण त्याने ठेवली, आमच्या ती लक्षातही नव्हती.

शेवटी ४३ इंचांचा, ४के, ६० हर्ट्‌झचा, गेम मोड असलेला टीव्ही घेतला. दुकानातच यंत्र जोडून चित्रे मोजली, २३ आली. वाचलेल्या पैशांतून स्टॅबिलायझर घेतला आणि हॉलच्या बोर्डाचे अर्थिंग नीट करून घेतले. समुद्राकडच्या खिडकीसमोर टीव्ही लावला नाही, कारण खारा वारा यंत्रांना खातो हे थळकरांना वेगळे सांगायला नको. जुना टीव्ही दादींच्या खोलीत गेला.

आता वेळ ठरलेली आहे. असरनंतर तासभर, मगरिबची अजान झाली की बंद, परीक्षेच्या महिन्यात कपाटात. हा नियम त्यानेच लिहून भिंतीवर लावला.

एक काम मात्र बाकी होते. पुढच्या जुम्म्याला चाचांकडच्यांना जेवायला बोलावले. जी मुले त्या दिवशी हसली होती त्यांच्यासमोर आम्ही मुलाला म्हणालो, "तू खरे सांगत होतास. आम्ही न तपासताच तुला खोटे ठरवले. माफ कर." शिकवणीच्या खोट्याबद्दल मग त्यानेही माफी मागितली. आम्ही त्याला तसे सांगितले नव्हते.

जेवण झाल्यावर सामना झाला. या वेळीही तो हरला, एका गोलाने. आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "अब्बा, अंगण सरळ आहे. आता नाच शिकायचा राहिलाय."