लहरींवरच्या राजहंसांविषयी काही टिपणे

मोहन राकेशांचं ‘लहरों के राजहंस’ हे हिंदी नाटक १९६३चं. जागा कपिलवस्तू, बुद्धाचा सावत्र भाऊ राजकुमार नंद याचं भवन. पण सिंहासन, दरबार काही दिसत नाही. तिन्ही अंक नंदाची पत्नी सुंदरी हिच्या कक्षातच घडतात. राजसत्तेचं नाटक शयनगृहात आणून ठेवणं, हे मला राकेशांचं मोठं धाडस वाटतं.

*

कक्षात दोन दीपाधार. एकाच्या शिखरावर पुरुषमूर्ती, बाहू पसरलेले, डोळे आकाशाकडे. दुसऱ्यावर स्त्रीमूर्ती, बाहू आवरलेले, डोळे जमिनीकडे. नेपथ्यकाराने या दोन मूर्ती हलक्यात घेतल्या तर अर्धं नाटक गेलं.

*

पहिला अंक म्हणजे न आलेल्या पाहुण्यांचा अंक. उद्या सकाळी बुद्धाची पत्नी यशोधरा भिक्षुणी म्हणून दीक्षा घेणार, आणि त्याच्या आदल्या रात्रीच सुंदरीने कामोत्सव ठेवलाय. निमंत्रितांपैकी एकटा मैत्रेय येतो, तोही इतरांचे नकार घेऊन. कुणी तिच्याशी भांडत नाही, कुणी अपमान करत नाही. लोक फक्त येत नाहीत. नगराचं मन कुठे वळलंय हे यापेक्षा नेमकं कसं दाखवणार?

*

सुंदरीला गर्विष्ठ, विलासी बाई म्हणून उभी करणाऱ्या प्रयोगांचा मला राग येतो. ती एकटी लढतेय. सगळं नगर ज्या बाजूला चाललंय तिकडे जायला ती नकार देते, आणि तिच्या हाती शस्त्र एकच, आपलं असणं. यशोधरेबद्दल ती कठोर बोलते, त्यात भीतीही ऐकू यायला हवी.

*

नाटकाला आधार अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या १८ सर्गांच्या महाकाव्याचा. तिथे नंद शेवटी भिक्षू म्हणून स्थिरावतो आणि सुंदरी मागे राहून जाते. राकेशांचा नंद कुठेच स्थिरावत नाही. बुद्धाकडे जाऊन, मुंडन होऊनही त्याला बुद्धाचा मार्ग आपला वाटत नाही. घरी परततो तर सुंदरीला तो ओळखू येत नाही. शिकारीच्या वेळी बाण न लागता, निव्वळ थकून मेलेलं हरीण त्याने पाहिलंय. ते त्याच्या डोक्यातून जात नाही.

*

तिसऱ्या अंकाने लेखकाला फार छळलं. कलकत्त्यात दिग्दर्शक श्यामानंद जालान नाटक बसवत होते, त्या तालमींच्या काळात राकेशांनी तो पुन्हा लिहिला. सुधारित आवृत्ती १९६८ची. नटांच्या तोंडी शब्द ऐकत शेवट शोधणारा नाटककार मला फार प्रामाणिक वाटतो.

*

श्यामांगाबद्दल फार कमी लिहिलं जातं. तो सेवक. कमलतळ्यात त्याला सावली दिसते, तो दगड मारतो, तळ्यातले हंस कळवळतात. सुंदरी त्याला अंधकूपात पाठवते. दुसऱ्या अंकात तो रंगमंचावर नसतो, तापातली त्याची बडबड तेवढी आतून ऐकू येते. नंदाला जे स्वतःशीही बोलता येत नाही ते हा बोलतो. दासी अलका त्याच्यासाठी तळमळते. राजघराण्याच्या पेचाशेजारी ही नोकरांची माया राकेशांनी किती जपून ठेवलीय! प्रयोग लांबतो म्हणून कात्री घ्यायची वेळ आली, तर ती श्यामांगाच्या बडबडीवर चालवू नये.