रोह्याच्या पुढे कसे जाणार?

मुंब्र्याहून दिवा हे पुढचेच स्टेशन. त्यामुळे मुंब्र्यात राहणाऱ्या कितीतरी कोकणी घरांना दिवा–रोहा गाडी घरचीच वाटते. सुट्टी लागली, लग्न निघाले किंवा गावी कुणाची तब्येत बिघडली, की सामान बांधता बांधता एकच विचारणा होते : रोह्यापर्यंत तर जाऊ, पुढे एसटी मिळेल का? मुरुडच्या माणसाला हा प्रश्न पडतो, तळ्याच्या माणसालाही पडतो. रेल्वेच्या नकाशात रोहा हे एक स्टेशन आहे. किनाऱ्यावरच्या माणसासाठी मात्र तिथे अर्धाच प्रवास झालेला असतो.

मुंबईची लोकल हार्बर मार्गाने १९९८ साली पनवेलला पोहोचली. तिची हद्द तिथेच संपते. पनवेलहून दक्षिणेकडे जाणारे रूळ त्याआधीचे आहेत. दिवा–पनवेल मार्ग साठच्या दशकात झाला आणि १९८६ साली तो रोह्यापर्यंत आला. तो वाढवण्यामागे मुख्य विचार होता या भागातल्या कारखान्यांचा. पुढे कोकण रेल्वे उभी राहिली, तिचा शून्य किलोमीटरचा दगड रोह्यालाच लागला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे रोहा ही दोन रेल्वेंची शीव आहे. मध्य रेल्वे इथे संपते, कोकण रेल्वे इथे सुरू होते. लांब पल्ल्याच्या साऱ्याच गाड्या इथे थांबत नाहीत. म्हणून सामान्य माणसाचा भरवसा दिव्याहून येणाऱ्या साध्या गाडीवरच असतो.

पनवेल ते रोहा हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. पनवेल सुटले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. मग रसायनी, पाताळगंगेचे पाणी, आपटा, जिते, हमरापूर. हमरापूर आणि पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचे गाव-शिवार. तिथले कारखाने वर्षभर चालू असतात. पेणच्या आसपास खारेपाट लागतो, भाताची खाचरे आणि खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध. पेणचे पोहे आणि पापड घेतल्याशिवाय पुष्कळांचा प्रवास पुरा होत नाही. पुढे कासू, अंबा नदीकाठचे नागोठणे, आणि मग कुंडलिकेकाठचे रोहा.

या वाटेवर खरे काम स्टेशनाबाहेर सुरू होते. पेणला उतरलेला माणूस वडखळ, पोयनाडवरून अलिबागला जाणार. नागोठण्याला उतरलेला पालीकडे वळणार. रोह्याला उतरलेला मुरुडची किंवा तळ्याची गाडी शोधणार. म्हसळा आणि श्रीवर्धनच्या लोकांना त्याहून पुढचे माणगाव स्टेशन जवळ पडते. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय पेणला रामवाडीत आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरुड, माणगाव, श्रीवर्धन, महाड आणि कर्जत ही त्याची आगारे. ही नावे नीट वाचली तर लक्षात येते, की मुरुड, श्रीवर्धन आणि अलिबागला स्वतःचे प्रवासी स्टेशन नाही. रूळ जिथे पोहोचले नाहीत, तिथली सारी जबाबदारी लाल गाडीवर आहे.

पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मात्र रूळ गेलेले आहेत. अलिबागच्या दारापर्यंत मालगाडी जाते, खताच्या वाघिणी जातात. तिकीट काढून माणसाला मात्र त्या वाटेने जाता येत नाही.

आपल्या किनाऱ्याने दळणवळणाची किंमत पूर्वीही मोजली आहे. रेल्वे नव्हती तेव्हा समुद्र हाच महामार्ग होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. सिद्दी नवाबांचे जंजिरा संस्थान विलीन झाले. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा त्याचाच मुलूख. आणि १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. संस्थान गेले, एसटी आली. त्यानंतरच्या पिढ्यांनी शाळा, दवाखाना, बाजार आणि कचेरी पाहिली ती या गाडीच्या खिडकीतून.

आज एसटीने सवलती पुष्कळ दिल्या आहेत. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. गावातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पण भाडे कमी झाले तरी गाडी वेळेवर जोडलेली नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? आपल्या घरांत मुलीला बारावीनंतर बाहेरगावी शिकायला पाठवायचे की नाही, हे पुष्कळदा मार्कांवर ठरत नाही. शेवटची एसटी किती वाजता आहे, यावर ठरते. मगरीबनंतर मुलगी स्टँडवर एकटी थांबणार असेल, तर अब्बा नाही म्हणतात आणि अम्मी गप्प बसते. इथे दोष मुलीचा नाही, आईबापाच्या विचारांचाही पूर्ण नाही. दोन वेळापत्रकांतली फट त्या मुलीच्या वाट्याला येते.

ही फट पडते कशी, तेही समजून घ्यायला हवे. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याच्या महामंडळाची. दोघांची तिकिटे वेगळी, वेळापत्रके वेगळी, अधिकारी वेगळे. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडही या दोन्ही गावांत शेजारी शेजारी नाहीत. मध्ये रिक्षा करावी लागते. दिव्याची गाडी अर्धा तास उशिरा आली तर स्टँडवरच्या चालकाला ते कळायची सोय नाही, आणि कळले तरी गाडी थांबवायचा त्याला हुकूम नाही. ज्याच्या हाती दोन्ही वेळापत्रके एकदम असतात, असा माणूस एकच : सामान घेऊन धावणारा प्रवासी.

हे असेच चालायचे, असे मात्र म्हणता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात याचे उत्तर सापडते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. लाँच धक्क्याला लागते, माणसे उतरतात, समोर बस उभी असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती सेवा बंद राहते, पण जोडणीचे तत्त्व तर सिद्ध झाले आहे. समुद्रावर जे जमते, ते रुळांवर का जमू नये?

नागोठण्याला अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. तो १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी बांधल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळच्या कारणांसाठी तो बांधला गेला असेल. पण चार शतकांहून अधिक काळ लोक त्या पुलाचे नाव घेत आले. कोण कुठल्या धर्माचा, कोण कुठल्या गावचा, हे पूल विचारत नाही. वाटेत तुटलेला दुवा कुणीतरी जोडला, एवढेच लोकांना पुरते.

मुसाफिराचा विचार आपल्या दीनमध्ये फार बारकाईने केला आहे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत शेवटी मुसाफिर येतो. घरी खातापिता असलेला माणूसही वाटेत अडकला की मदतीचा हकदार होतो. चार रकअतची फर्ज नमाज सफरीत दोन होते. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई मसलकचे. सफरीत जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र पढण्याची त्यांना मुभा आहे. (अंतर आणि अटी आपल्या आलिमांना विचारून घ्याव्यात.) ज्या दीनने प्रवाशाची नमाजही हलकी केली, त्याच्या अनुयायांनी स्टँडवर ताटकळणाऱ्या प्रवाशाबद्दल बेफिकीर राहावे, हे शोभत नाही.

मग करायचे काय? आपल्याकडे जमात आहे, मोहल्ला आहे, लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी गोळा करण्याची सवय आहे. तीच ताकद एका कागदामागे लावता येईल. गाडी रोह्याला किती वाजता येते, तिच्यानंतर मुरुडची बस किती वाजता सुटते, मधल्या वेळेत किती माणसे खोळंबतात, हे एका महिन्यासाठी वहीत टिपून ठेवावे. त्या नोंदींसह आगार व्यवस्थापकांना अर्ज द्यावा, प्रत विभागीय कार्यालयाला पाठवावी आणि पोच घ्यावी. अर्जावर सह्या फक्त आपल्याच वस्तीच्या नसाव्यात. आगरी, कोळी, कुणबी, माळी, सगळ्यांच्याच लेकी त्याच स्टँडवर उभ्या असतात. तक्रारीच्या आवाजापेक्षा नोंदीच्या वहीला कचेरीत जास्त वजन असते.

तोवर प्रवास तर करायचाच आहे. निघण्यापूर्वी गाडीची आणि एसटीची वेळ ताजी विचारून घ्यावी, कारण वेळा बदलत राहतात. वृद्ध माणूस बरोबर असेल तर शेवटच्या गाडीवर विसंबू नये, सकाळची गाडी धरावी. रमजानमध्ये पाणी आणि चार खजूर जवळ असू द्यावेत, शेजारच्या सीटवरच्यालाही पुरतील इतके. आणि आपल्या गावात कधी रात्री उशिरा कुणी अनोळखी माणूस स्टँडवर उभा दिसला, तर एवढेच विचारावे : कुठे जायचे आहे? बस गेली का? रूळ आणि रस्ता जोडणे सरकारचे काम आहे, पण त्या रात्रीपुरता दुवा होणे आपल्याही हाती आहे.